लगाम म्हणणं जरा जास्तच झालं

लेखात लिहिलंय की संसदेची लोकलेखा समिती सरकारच्या खर्चाला लगाम घालते. लगाम कसला हो, घोडा पळून गेल्यावर खुणा मोजायचं काम आहे ते! पैसा आधी खर्च होतो, मग कॅग, म्हणजे सरकारी हिशेब तपासणारा महालेखापरीक्षक, तपासतो, रिपोर्ट सभागृहात येतो आणि त्यातले निवडक मुद्दे घेऊन समिती खात्याच्या सचिवांना समोर बसवून विचारते की मंजूर कशासाठी झाले नि गेले कुठे. तरी तेवढं विचारणारं कोणीतरी आहे हेही कमी नाही म्हणा. २२ खासदार, १५ लोकसभेचे ७ राज्यसभेचे, मंत्री त्यात बसू शकत नाही, आणि १९६७ पासून अध्यक्ष विरोधी पक्षाचा असा पायंडा. पण बहुमत शेवटी सत्तेतल्यांचंच असतं ना, २०११ ला टूजी स्पेक्ट्रम घोटाळ्याच्या वेळी तेव्हाचे समिती अध्यक्ष मुरली मनोहर जोशींचा अहवालाचा मसुदा समितीतच अडकला ते आठवा.

आणि शिफारशी बंधनकारक नाहीत, सरकारने फक्त काय कारवाई केली ते कळवायचं.

आमच्या गोव्यात पर्वरीला विधानसभेचीही अशीच समिती आहे, पण डिचोलीत कोणालाही विचारा, नावसुद्धा माहीत नसेल. आमच्या वाड्यावरचा रस्ता चवथीआधी डांबरला नि दिवाळीआधी पाइपसाठी खणला, दोन्ही बिलं पास झाली असणार, कागदावर सगळं बरोबरच! असलं बारीक काम कॅगने तपासायला निवडलेल्या नमुन्यात आलं तर आलं, नाहीतर समितीपर्यंत पोचणार कसं? त्यापेक्षा ग्रामसभेत उठून विचारलेलं बरं, निदान सरपंच समोर तरी असतो.