वेरूळच्या रस्त्यावरचं हॉटेल भुताने नाही, कर्जाने रिकामं झालं

"संभाजीनगरहून एका दिवसात होणारी सगळ्यात डेंजर ट्रिप" या नावाचा एक व्हिडिओ सध्या मराठवाड्यातल्या घराघरातल्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर फिरतोय. वेरूळच्या रस्त्यालगत बंद पडलेलं एक आलिशान हॉटेल, दोन पोरं, हातात टॉर्च आणि मागे ढोलकीसारखं धडधडणारं संगीत. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: हॉटेल कबरींवर बांधलं, रिसेप्शनवरच्या एका मुलीचा तिथे जीव गेला, त्या रात्री स्विमिंग पूल आटला, तिसऱ्या मजल्यावर वीज नसताना दिवा लागतो, बाई किंचाळते, आत मोबाइल बंद पडतो, बाहेर आल्यावर ताप चढतो आणि म्हणूनच सरकारने इमारत सील केली. मालमत्तेचा वाद चालू असल्यामुळे हॉटेलचं नाव मी घेत नाही. पण ते मी आतून पाहिलंय. दिवसा, रीतसर परवानगी काढून, राखणदाराच्या मागे मागे.

कबरींपासून सुरुवात करू. जमिनीखाली कबरी असल्या की जागा झपाटते, हा नियम लावायचा तर आख्खं खुलताबाद रिकामं करावं लागेल. औरंगजेबाची कबर तिथे, मलिक अंबरचा मकबरा तिथे, जर जरी जर बक्ष यांचा दर्गा तिथे. त्याच गल्ल्यांत लोक राहतात, दुकानं लावतात, लेकरं शाळेत जातात. श्रावणातल्या शनिवारी भद्रा मारुतीला शहरातून रात्रभर पायी जाणाऱ्यांची रीघ लागते, तीही याच हॉटेलच्या कंपाउंडवरून. त्यातल्या कुणाला आजवर बाईने हाक मारल्याचं ऐकिवात नाही. आणि हॉटेल "निजामाच्या काळातलं" असल्याचं व्हिडिओत छातीठोकपणे सांगितलंय. निजामाची राजवट 1948 च्या सप्टेंबरात संपली. या इमारतीला काँक्रीटचे खांब, दोन लिफ्ट आणि मध्यवर्ती एसीचे पत्र्याचे डक्ट आहेत. नुसतं वर बघितलं असतं तरी कळलं असतं.

मुलीची गोष्ट मात्र मला खटकते. तीन जणांकडून ऐकलं तर ती तीन प्रकारे मरते: एकाच्या मते पुलात बुडून, दुसऱ्याच्या मते 307 नंबरच्या खोलीत गळफास घेऊन, तिसऱ्याच्या मते लिफ्टमध्ये अडकून. नाव कुणालाच माहीत नाही, गाव नाही, साल नाही. हॉटेलात कुणाचा असा मृत्यू झाला तर पोलीस ठाण्यात अकस्मात मृत्यूची नोंद होते, पंचनामा होतो, शवविच्छेदन होतं. व्हिडिओवाल्यांनी यातला एक कागद दाखवावा. आसपासच्या गावांतल्या मुली खरोखर इथे कामाला होत्या. त्यातल्या एखादीला परस्पर मारून टाकण्याआधी एवढी तरी तसदी घ्यायला हवी होती.

आता पूल. वीस मीटर लांब, दहा रुंद, सरासरी दीड मीटर खोल असा पूल धरला तर त्यात तीन लाख लिटर पाणी बसतं, म्हणजे दहा हजार लिटरचे तीस टँकर. ज्या मुलखात 2016 साली लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, तिथे बंद हॉटेलचा पूल कोरडा दिसला तर त्यात नवल ते काय? तो भरून ठेवला असता तरच चौकशी लावायला हवी होती. नुसत्या उन्हाने मात्र तो एका रात्रीत आटत नाही. मे महिन्यातही पाणी दिवसाला सेंटिमीटरच्या आसपासच उतरतं. मग झटकन रिकामा कशाने झाला असेल, ते खोल बाजूला उतरल्यावर समजतं. कोपऱ्यापासून तिरपी गेलेली एक भेग आहे, तिच्या दोन्ही बाजूंच्या निळ्या फरशा वर उचकटल्यात आणि भेगेत रुईचं झुडूप गुडघ्याएवढं वाढलंय. खाली काळी माती आहे. पावसाळ्यात ही माती पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात एवढी आकसते की शेतातल्या भेगेत हात जातो. तिच्यावर पुरेशी भर न घालता बांधलेलं काहीही वर्षभर खालीवर होत राहतं. पूल फुटतो, भिंतीला तडे जातात, चौकटी वाकड्या होऊन दारं आपोआप उघडतात किंवा बसलेली दारं कुणी ओढली तरी उघडत नाहीत. व्हिडिओतलं "आतून कडी लावलेलं दार" मी पाहिलं. त्याला कडीच नाही. चौकट दबून ते फरशीत रुतलंय. भिंतीवरचा "बाईचा चेहरा" म्हणजे बाथरूमच्या गळक्या पाइपाची ओल आणि वर फुटलेला लोणा. डोळे दिसतात खरे. पण एकदा कुणी सांगितलं की दिसतात, मग दिसतच राहतात.

तिसऱ्या मजल्यावरच्या दिव्यासाठी रात्री रस्त्यावर थांबायला लागतं. दर्शनी काचा बहुतेक फुटल्यात, तिसऱ्या मजल्यावर दोन शाबूत आहेत. वळणावरून ट्रक आला की त्याचा झोत त्या काचांवर डावीकडून उजवीकडे सरकतो, अगदी कुणी कंदील घेऊन चालल्यासारखा. ट्रक नसला की बाईही फिरत नाही.

मोबाइल बंद पडण्याचं गूढ सांगू? टॉर्च चालू, व्हिडिओ चालू आणि जाड काँक्रीटमध्ये रेंज शोधत बसलेला फोन. बॅटरी संपणारच. फोटोतले पांढरे गोळे म्हणजे लेन्सपुढे उडालेल्या धुळीवर पडलेला फ्लॅश. आणि भूत शोधायला आणलेल्या, चुंबकीय क्षेत्र मोजणाऱ्या "मीटरची सुई नाचली" त्या क्षणी मीटर फोनच्या शेजारी धरलेलं होतं, हे त्यांच्याच व्हिडिओत दिसतं.

किंकाळी खरी आहे. लिफ्टच्या मशीनखोलीत गव्हाणी घुबड राहतं. पांढुरकं अंग, बदामाच्या आकाराचा चेहरा, उडताना पंखांचा आवाज नाही आणि ओरडणं असं की अंगावर काटा यावा. खोलीच्या दाराशी त्याने ओकलेल्या काळपट गोळ्या पडल्या होत्या. एक काडीने फोडली तर आत केसांच्या गुंत्यात उंदराची अख्खी कवटी, पिवळे दात जागच्या जागी. आसपासच्या शेतकऱ्यांचं धान्य हा पक्षी राखतो. काळ्या जादूच्या नादाने घुबडं मारणारे लोक अजून आहेत, विशेषतः दिवाळीच्या अमावास्येला. तेव्हा त्याच्या घरट्याचा पत्ता लाखो लोकांना वाटून या पोरांनी खरं पाप केलंय, असं माझं मत.

तापाचा दावा मी उडवून लावणार नाही. तळघरात वटवाघळं आहेत आणि त्यांच्या विष्ठेचा थर जमलाय. अशा विष्ठेत वाढणाऱ्या एका बुरशीचे बीजाणू श्वासातून फुप्फुसात गेले की हिस्टोप्लाझ्मोसिस होऊ शकतो. ताप, खोकला, छातीत दुखणं ही लक्षणं साधारण 3 ते 17 दिवसांनी दिसतात, त्यामुळे माणूस संबंध जोडत नाही किंवा भलताच जोडतो. ताप आलाच तर डॉक्टरला सांगा की वटवाघळांच्या जागेत गेलो होतो. देवऋषीकडे उतारा टाकण्यात दिवस घालवू नका. भूत उतरवायच्या नावाखाली कुणी मारहाण केली, तर 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्याने तो गुन्हा आहे, हेही माहीत असू द्या.

जीव जाण्यासारखी खरी जागा व्हिडिओत एकदाच, ओझरती येते. भंगारचोरांनी लिफ्टची दारं काढून नेलीत. तिसऱ्या मजल्याच्या अंधाऱ्या पॅसेजमध्ये उजव्या हाताला सरळ पोकळी आहे, खाली चार मजले. जिन्याचे कठडे कापून नेलेत, सेप्टिक टाकीवरची लोखंडी झाकणंही. त्या टाकीत पडणारा माणूस विषारी वायूने मरतो आणि त्याला काढायला उतरणाराही. शिवाय परवानगीवाचून आत शिरणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 329 खाली गुन्हा ठरू शकतो. अंधार, वटवाघळं आणि थरारच हवा असेल तर थोड्याच अंतरावर दौलताबादच्या किल्ल्यात अंधारी नावाचा काळोखा भुयारी मार्ग आहे. तिकीट काढा, आत जा, सुखरूप बाहेर या.

राखणदाराला मी बाईबद्दल विचारलं. तो हसला. "भूत-बीत काही नाही सायब. पोरं दारू प्यायला येतेत, तांब्याची वायर काढून नेतेत. मीच सांगतो त्यांना, वर बाई हाये म्हणून. एकट्या माणसानं किती जणांना हाकलावं?"

राहता राहिलं सील. ते सरकारचं नाही. गेटवर चिकटवलेली नोटीस पावसाने अर्धी धुतली गेलीय, पण "सरफेसी कायदा, 2002" आणि "कलम 13(4)" एवढं वाचता येतं. म्हणजे कर्ज थकलं, साठ दिवसांच्या मुदतीची मागणी नोटीस गेली, पैसे आले नाहीत, बँकेने ताबा घेतला. हॉटेल का बुडालं याची कारणं इथल्या कुठल्याही टॅक्सीवाल्याला पाठ आहेत: एप्रिल 2019 मध्ये जेट एअरवेज बंद पडून शहराची विमानं तुटली, अजिंठ्याचा रस्ता वर्षानुवर्षं उखडून पडला होता, आणि पाठोपाठ 2020 चा कोरोना. अजिंठ्याच्या पायथ्याचं जपानी कर्जातून झालेलं पर्यटक केंद्रसुद्धा वीज-पाण्याच्या थकबाकीपायी बंद पडलं. तिथे कोणती बाई होती?

भुताची गोष्ट पसरली की शेवटच्या महिन्यांचे पगार कुणी बुडवले, पीएफ कापून भरला का, हे विचारायला कुणी उरत नाही. वेटर, माळी, धुलाईवाल्या बाया आजही पगाराच्या चिठ्ठ्या सांभाळून आहेत. लिलावात बोली आली नाही की बँक राखीव किंमत खाली आणते. त्यामुळे झपाटल्याची बोंब जितकी मोठी, तितका माल घेणाऱ्याला स्वस्त. पुढच्या लिलावात कुणी उचललंच, तर त्या दोन पोरांनी दलाली मागायला हरकत नाही. कामगारांनी मात्र त्याआधी आपला दावा लेखी दाखल करावा, कारण विक्रीचे पैसे वाटून झाल्यावर कुणी दारात उभं करत नाही.