खुलासा: वीस पडले म्हणून सगळंच दुप्पट होत नाही

राजारामपुरीतल्या रविवारच्या डावानंतर आपल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मेसेज फिरतोय, 'हल्ल्याच्या फाशावर वीस पडले की एकूण डॅमेज (शत्रूला होणारी इजा) दुप्पट.' डन्जन्स अँड ड्रॅगन्स या फासे टाकून पात्रं रंगवायच्या खेळाच्या पाचव्या आवृत्तीत (२०१४) तसं नाही. दुप्पट होतात ते डॅमेजचे फासे. मॉडिफायर, म्हणजे फाशांच्या वर मिळणारा ठरलेला आकडा, एकदाच मिळवायचा.

त्या दिवशीचंच घ्या. लांब तलवार एका हातात, म्हणजे आठ बाजूंचा एक फासा, वर ताकदीचे ३. फाशावर ५ पडले आणि आपल्या पैलवानानं 'आठ दुणे सोळा' म्हणत ऑगर (खेळातला राक्षस) आडवा केला. खरं तर आणखी एक फासा टाकायचा होता. मग कमीत कमी ९ झाले असते आणि फार तर १६. म्हणजे गड्यानं सगळ्यात मोठा आकडाच फुकटात नेला! (मीही मान डोलावली, ती चूक माझी.)

रोग (Rogue) या चोरट्या पात्राच्या स्नीक अटॅकचे, म्हणजे संधी साधून केलेल्या वाराचे, फासे मात्र दुप्पट होतात, तिथं वाद नको. आणि कुलूप उघडताना वीस पडले तर ते आपोआप उघडत नाही. ती सवलत हल्ल्यापुरतीच.

घरचा नियम म्हणून सगळं दुप्पट करायचंय? करूया की. पण मग ऑगरलाही तोच नियम.