‘कलाकाराला राजकारण नसतं’ म्हणणाऱ्यांना उत्तर

एखादी मोठी गायिका कुठल्या हुकूमशहाच्या दरबारात गाऊन आल्याची बातमी फुटली की तिच्या बचावाचा ठरलेला मजकूर फिरायला लागतो. कलाकार व्यावसायिक असतो, सुपारी घेतो आणि गातो. यजमान कोण हे त्याला दरवेळी कळतंच असं नाही. समोर सामान्य रसिक असतात, त्यांना का वंचित ठेवायचं? बहिष्काराने कुठलीही राजवट पडलेली नाही. पैसे दान केले की विषय संपला. आणि शेवटी, धुतल्या तांदळासारखं एक तरी सरकार दाखवा.

हा मजकूर पुढे पाठवणारे बहुतेक जण संगीतावरच्या प्रेमापोटीच पाठवतात. पण अशा कार्यक्रमांचे पैसे कुठून येतात, करारात काय असतं, खुर्च्यांवर कोण बसतं हे पाहिलं की यातला जवळजवळ एकही मुद्दा टिकत नाही.

‘तो गाणं विकतो, राजकारण नाही’

गाणं ऐकायला दहा लाख डॉलर लागत नाहीत. इतकी बिदागी मोजणारा सत्ताधीश कलाकाराची हजेरी विकत घेतो: शेजारी उभं राहून काढलेला फोटो, ‘जग आपल्याकडे येतं’ हा संदेश, आणि ज्यांच्या जिवावर सत्ता टिकते त्या सेनापती-उद्योगपतींना दिलेली मेजवानी. १९ एप्रिल १९४२ रोजी, हिटलरच्या वाढदिवसाच्या आदल्या संध्याकाळी, जर्मन वाद्यवृंद-संचालक विल्हेल्म फुर्टवेंगलरने बर्लिनमध्ये बीथोव्हेनची नववी सिम्फनी सादर केली. संगीत राजकारणाच्या वर असतं यावर त्याची मनापासून श्रद्धा होती, आणि त्याने ज्यू वादकांना मदत केली होती हेही खरं. तरीही कार्यक्रम संपल्यावर हिटलरचा प्रचारमंत्री गोबेल्स मंचाजवळ येऊन त्याचा हात हातात घेतो ते दृश्य कॅमेऱ्याने टिपलं आणि राजवटीने ते वापरलं. वादनाचा दर्जा कितीही थोर असला तरी त्या संध्याकाळी राजवटीला हवं होतं ते हे हस्तांदोलन. याउलट इटालियन वाद्यवृंद-संचालक आर्तुरो टोस्कानिनीने १९३१ मध्ये इटलीतल्या बोलोन्यात फॅसिस्टांचं गीत वाजवायला नकार दिला, त्यापायी मार खाल्ला, आणि १९३३ मध्ये नाझी जर्मनीतल्या बायरॉइट संगीत महोत्सवाचं निमंत्रणही नाकारलं. तोही व्यावसायिकच होता.

‘यजमान कोण हे त्याला माहीत नव्हतं’

सगळ्यात जास्त वेळा पुढे केली जाणारी सबब हीच, म्हणून हिच्याकडे नीट बघू. लिबियाचा हुकूमशहा गद्दाफी याच्या कुटुंबाच्या खासगी समारंभांत मारिया केरी, बियॉन्से, अशर, नेली फुर्टाडो या पॉप गायकांनी गाणी म्हटली होती. फेब्रुवारी २०११ मध्ये लिबियात उठाव झाला आणि खुलासे सुरू झाले. आपण कोणासाठी गातोय याची कल्पना नव्हती, लाज वाटते, असं केरीने मार्च २०११ मध्ये जाहीर केलं. डिसेंबर २०१३ मध्ये तीच गायिका अंगोलात होती. तिथे जोसे एदुआर्दो दोस सांतोस १९७९ पासून सत्तेवर होते. समारंभ अंगोलाच्या रेड क्रॉसचा होता, त्या संस्थेच्या प्रमुख राष्ट्राध्यक्षांच्या कन्या होत्या, आणि प्रायोजक असलेल्या टेलिफोन कंपनीतही त्यांचीच भागीदारी होती. राष्ट्राध्यक्ष स्वतः हजर होते. पहिल्या वेळी अज्ञान मान्य करता येईल. दुसऱ्या वेळी ते टाळता येण्यासारखं होतं.

अज्ञान तयार कसं होतं, तेही सांगायला हवं. खासगी कार्यक्रमाची मागणी सहसा थेट राजवाड्यातून येत नाही. कलाकाराच्या एजंटकडे परदेशातला एखादा बुकर (कार्यक्रम ठरवणारा मध्यस्थ) येतो, त्याच्यामागे स्थानिक इव्हेंट कंपनी, तिच्यामागे प्रायोजक, आणि प्रायोजकामागे खरा यजमान. करारावर नाव असतं फक्त पहिल्या दुव्याचं. एजंटचं कमिशन साधारण दहा टक्के, म्हणजे दहा लाखांच्या सुपारीवर एक लाख. साखळीतल्या प्रत्येकाचा फायदा प्रश्न न विचारण्यात असतो. बहुधा निम्मी रक्कम सही करताना आणि उरलेली कार्यक्रमाआधी जमा होते. एकदा आगाऊ रक्कम घेतली, वादक ठरले, विमानं आणि सामानाचा खर्च झाला की माघार घेणं म्हणजे घेतलेले पैसे परत करून वर भरपाईही देणं. म्हणून विचारायचं ते सही करण्याआधीच.

विचारायच्या गोष्टी फार नाहीत. ज्या खात्यातून पैसे येणार त्याचं नाव आणि करारावरचं नाव एकच आहे का? त्या कंपनीची अंतिम मालकी कोणाची? ठरलेली तारीख सत्ताधीशाचा वाढदिवस, सत्ताग्रहणाचा वर्धापनदिन किंवा घरातलं लग्न तर नाही ना? हे शोधायला दहा मिनिटं लागतात. तिकिटं खुली विकली जाणार की आमंत्रणं वाटली जाणार? चित्रीकरणाचे हक्क कोणाकडे, आणि अधिकृत छायाचित्रकार कोणाचा? यजमानाची ओळख लपवल्याचं उघड झालं तर दंड न भरता कार्यक्रम रद्द करता येईल, असं कलम आहे का? आणि आगाऊ रक्कम तोवर त्रयस्थाच्या खात्यात राहील का? शेवटच्या दोन गोष्टींवर यजमान अडून बसला तर बहुतेक उत्तर मिळालेलंच असतं.

इतकं करूनही एक फट राहते. जून २०१३ मध्ये अमेरिकन गायिका जेनिफर लोपेझ तुर्कमेनिस्तानात कॅस्पियन किनाऱ्यावरच्या अवाझात गायली. यजमान होती चीनची सरकारी तेल कंपनी, कागदोपत्री कर्मचाऱ्यांसाठीचा कार्यक्रम. अगदी ऐनवेळी यजमानांनी विनंती केली की राष्ट्राध्यक्ष गुर्बान्गुली बर्दिमुहामेदोव्ह यांना वाढदिवसाच्या शुभेच्छा द्या, आणि तिने त्या गाऊन दिल्या. जगभर गेली ती एवढीच चित्रफीत. मानवी हक्कांचे प्रश्न माहीत असते तर गेलो नसतो, असा खुलासा नंतर तिच्या बाजूने आला. कुणाचं नाव घ्यायचं, कुणाला अभिवादन करायचं, मंचावर कोण चढणार हे लेखी ठरलेलं नसेल तर ऐनवेळच्या ‘छोट्याशा विनंती’ला नाही म्हणणं फार अवघड जातं.

‘समोर तर सामान्य रसिकच असतात’

कधी असतात, कधी नसतात, आणि सगळा फरक तिथेच पडतो. २००९ मध्ये ब्रिटिश गायक स्टिंग ताश्कंदला गेला तेव्हा कार्यक्रमामागे उझबेकिस्तानचे सत्ताधीश इस्लाम करिमोव्ह यांची मुलगी गुलनारा होती. तिकिटांचे दर सामान्य उझबेक माणसाच्या कित्येक महिन्यांच्या पगाराइतके होते. टीका झाल्यावर त्याने सांगितलं की करिमोव्हची कीर्ती आपल्याला ठाऊक होती, पण सांस्कृतिक बहिष्कार निरर्थक असतात, उलट नुकसानच करतात. मान्य केलं तरी एवढ्या महागड्या खुर्च्यांवर बसलेल्यांपैकी कोणाला विचारांची खिडकी उघडून हवी होती?

आता १९ जुलै १९८८ चं पूर्व बर्लिन घ्या. अमेरिकन रॉक गायक ब्रूस स्प्रिंगस्टीनला बोलावणारी संस्था सत्ताधारी पक्षाची युवक संघटनाच होती. तिकिटं मात्र एक लाख साठ हजार लोकांच्या हातात गेली होती. कार्यक्रम निकाराग्वाच्या समर्थनार्थ असल्याचं आपल्याला न विचारता जाहीर केलंय हे कळल्यावर त्याने हरकत घेतली, आणि मंचावरून जर्मन भाषेत सांगितलं की मी कुठल्याही सरकारच्या बाजूने किंवा विरोधात आलेलो नाही, एक दिवस सगळे अडसर दूर होतील या आशेने रॉक अँड रोल वाजवायला आलोय. भाषणाच्या मूळ मसुद्यात ‘अडसर’ऐवजी ‘भिंती’ हा शब्द होता, तो आयत्या वेळी बदलला. म्हणजे त्यालाही तडजोड करावी लागली. पण यजमानाने चढवलेलं लेबल त्याने जाहीरपणे उतरवलं. आम्ही अशा कार्यक्रमाच्या विरोधात अजिबात नाही. जिथे माईक कलाकाराच्या हातात आणि तिकीट लोकांच्या हातात असतं तिथे जावंच.

हल्ली मात्र माईकचंही आधीच ठरतं. २०२५ च्या रियाध कॉमेडी फेस्टिव्हलसाठी विनोदकारांना पाठवलेल्या प्रस्तावातल्या अटी एका कलाकाराने उघड केल्या. सौदी अरेबिया, राजघराणं, कायदाव्यवस्था किंवा सरकार यांची अप्रतिष्ठा होईल असं काहीही सादर करायचं नाही, शिवाय कुठल्याही धर्माबद्दलही नाही. गायकाच्या करारात असं कलम असेल तर ‘मी तिथे जाऊन बोलेन’ हा युक्तिवाद सही करतानाच संपतो.

‘बहिष्काराने राजवट पडत नाही’

एकट्या बहिष्काराने पडत नाही, बरोबर. पण तसा दावा कोण करतंय? दक्षिण आफ्रिकेच्या वर्णभेदी सरकारने आपल्याच हद्दीतला बोफुथत्स्वाना हा ‘स्वतंत्र देश’ असल्याचं भासवलं होतं आणि तिथल्या सन सिटी या करमणूक-नगरीत जागतिक तारे येत, तेव्हा त्या भासाला वजन येई. संयुक्त राष्ट्रसंघाने १९८३ पासून तिथे गेलेल्यांच्या नावांची यादी प्रसिद्ध केली. क्वीन बँड १९८४ मध्ये गेला आणि ब्रिटनमधल्या वादकांच्या संघटनेने दंड ठोठावला. परिणाम असा की तिथे जाणं लपवण्याची गोष्ट झाली. या बहिष्काराची झळ दक्षिण आफ्रिकी वादकांनाही बसली. ती ओळखूनच वर्णभेदाविरुद्ध लढणाऱ्या एएनसी (आफ्रिकन नॅशनल काँग्रेस) पक्षाचे ऑलिव्हर टॅम्बो यांनी १९८७ मध्ये भूमिका बदलली: राजवटीच्या संस्थांवर बहिष्कार, लोकांच्या संस्कृतीवर नाही. चळवळीने वीस वर्षांच्या अनुभवातून काढलेली ही रेघ आजही वापरता येते.

आणि स्टिंगचंच पुढचं पाऊल बघा. जुलै २०११ मध्ये ॲम्नेस्टी या मानवी हक्क संघटनेने कझाकस्तानातल्या तेल कामगारांच्या संपाकडे आणि तुरुंगात टाकलेल्यांकडे लक्ष वेधल्यावर त्याने तिथल्या राजधानीतला, अस्तानातला कार्यक्रम रद्द केला. संपकऱ्यांची फळी ओलांडणार नाही, असं त्याने सांगितलं. त्याच डिसेंबरमध्ये कझाकस्तानातल्याच झानाओझेन शहरात पोलिसांनी कामगारांवर गोळ्या झाडल्या, किमान १४ माणसं मेली. स्टिंगच्या नकाराने त्या गोळ्या थांबल्या नाहीत. पण ज्यांना तोवर जगात कुणी ओळखत नव्हतं त्यांचा संप त्यामुळे बातमीत आला.

‘पैसे दान केले ना’

फुर्टाडोने गद्दाफी कुटुंबासाठीच्या ४५ मिनिटांच्या कार्यक्रमाचे दहा लाख डॉलर २०११ मध्ये दान करायचं जाहीर केलं. कार्यक्रम २००७ चा. बियॉन्सेच्या बाजूने सांगण्यात आलं की तिची रक्कम आधीच हैतीच्या भूकंपग्रस्तांना दिली होती. दोन्ही चांगलंच केलं. पण यजमानाला जी प्रतिष्ठा मिळायची ती कार्यक्रमाच्या रात्रीच मिळून गेली.

‘धुतल्या तांदळासारखं सरकार दाखवा’

तसं सरकार नाही, आणि गरजही नाही. ज्या देशात त्याच सरकारविरुद्ध गाऊन गायक रात्री घरी झोपू शकतो तो देश एका बाजूला, जिथे नाही तो दुसऱ्या बाजूला. आणीबाणीत सरकारी प्रचारासाठी गायला नकार दिल्यावर ४ मे १९७६ पासून किशोर कुमारची गाणी आकाशवाणी-दूरदर्शनवरून बंद झाली होती. देशातच राहणाऱ्या कलाकाराला नकाराची अशी किंमत मोजावी लागते, म्हणून त्याच्या होकाराकडे आम्ही बोट दाखवणार नाही. बाहेरून विमानाने येणाऱ्या ताऱ्याला नकाराची किंमत असते फक्त एका रात्रीची बिदागी.