कझेली जन्मतः उडत नव्हता

रविवारी मेलबर्नहून माझ्या भाच्याचा फोन आला. अकरा वर्षांचा आहे, वर्गात सगळ्यांत बुटका. म्हणाला, "मामा, मी फूटीच्या सरावाला जाणार नाही. त्याला उंचीच लागते." फूटी म्हणजे ऑस्ट्रेलियन फुटबॉल. कारण विचारलं तर घरच्या ग्रुपवर फिरणारा, या खेळातला जुना खेळाडू रॉय कझेली याच्यावरचा मेसेज निघाला. कझेली साडेसहा फुटी होता, उडी त्याला देवाने दिली होती, सराव त्याने कधी केला नाही, गॅलिपोलीला सैनिक त्याच्या नावाची आरोळी ठोकत लढले, आणि त्याच्यावरच्या गाण्यामुळे तो खेळत असतानाच घरोघरी पोचला. तो मेसेज पुढे पाठवणारी माझी सख्खी बहीण. राग आलाय, लपवत नाही.

कझेलीची उंची 5 फूट 11 इंच होती. 'ऑस्ट्रेलियन डिक्शनरी ऑफ बायोग्राफी' या चरित्रकोशात त्याच्यावर स्वतंत्र नोंद आहे, पाठवण्याआधी ती उघडायला दोन मिनिटं लागली असती. तो रकमन होता. पंच चेंडू उंच उडवतो, तेव्हा त्यासाठी झेपावणारा हा खेळाडू. या जागेवर उंच माणसं घालतात, म्हणजे कझेलीला स्वतःपेक्षा उंच माणसांच्या वर जायचं असे. ते जमावं म्हणून तो शेडमध्ये चेंडू टांगून त्यावर पुन्हा पुन्हा उड्या मारायचा. झेप घेताना छातीत श्वास कसा भरायचा, हेसुद्धा त्याने घोटून घेतलं होतं. आणि याने म्हणे सराव केला नाही! 1911 मध्ये सेंट किल्डाचे खेळाडू संपावर गेले, तेव्हा अठराव्या वर्षी तो त्या संघात आला. तिथे 99 सामने, साउथ मेलबर्नकडून आणखी 99. पुढे 1941 मध्ये, वयाच्या 48व्या वर्षी, टास्मानियात न्यू टाउनकडून तो खेळतच होता. अंगात उपजत काही असेल, तेवढं मान्य. पण नुसत्या उपजत उडीवर कोणी तीस वर्षं मैदानात टिकत नाही.

गॅलिपोलीची लढाई पहिल्या महायुद्धातली, 1915 ची. "अप देअर, कझेली!" म्हणजे "वर झेप घे, कझेली!" ही आरोळी साउथ मेलबर्नमधल्या त्याच्या जोडीदाराची, फ्रेड फ्लाइटरची, आणि कझेली त्या संघात आला 1921 मध्ये. सहा वर्षं आधी ती खंदकात कोण देणार? दुसऱ्या महायुद्धात ऑस्ट्रेलियन सैनिकांच्या तोंडी ती होती, एवढं मात्र खरं.

त्याच आरोळीवरचं गाणं 1979 चं. कझेली वारला 1963 मध्ये.

ताई, मेसेज काढून टाक आणि पोराला गॅरेजमध्ये चेंडू टांगून दे. हात उंचावून जिथे पोचेल, त्याच्या वीतभर वर.