मंगळावरचा दरवाजा आणि आपल्या माळावरच्या भिंती

मंगळावर कोणीतरी खडकात दरवाजा कोरला आहे, असे नानांनी परवा साक्रीच्या आमच्या कट्ट्यावर ठामपणे सांगितले आणि पुरावा म्हणून मोबाईल सगळ्यांच्या हातांत फिरवला. छायाचित्र बनावट नव्हते. मंगळावर फिरणाऱ्या ‘नासा’च्या क्युरिऑसिटी या रोव्हरने, म्हणजे यंत्रगाडीने, ते ७ मे २०२२ रोजी तिथल्या माउंट शार्प या डोंगराच्या उतारावर घेतलेले आहे. त्यात दोन बाजू सरळ उभ्या, वर आडवा दगड आणि आत अंधार दिसतो. “निसर्गाला इतकी नीट चौकट कशी जमेल?” हा नानांचा प्रश्न होता, आणि बीएस्सीला असलेला त्यांचा पुतण्या हसला, तरी मला तो प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा वाटला नाही.

ज्यांचे आयुष्य विहिरी खोदण्यात गेले त्या आबांनी मात्र वेगळीच गोष्ट विचारली. “नाना, हे दार किती उंच आहे?”

त्याचे उत्तर नानांच्या मोबाईलवर नव्हते. मी ते वाचलेले होते. क्युरिऑसिटीच्या शास्त्रज्ञांनी दिलेल्या मापाप्रमाणे ती फट सुमारे ३० सेंटिमीटर उंच आणि ४० सेंटिमीटर रुंद आहे, म्हणजे तिच्यातून मांजर जाईल, माणूस जाणार नाही. मंगळाच्या चित्रांत माणूस, झाड, गुरे, विजेचा खांब असे मापाला धरण्यासारखे काहीही नसते, त्यामुळे डोळा स्वतःच एक माप ठरवून टाकतो आणि चौकट दिसली की ते माप माणसाच्या उंचीचेच ठरते. माझ्या मते अशा चित्रांतील बहुतेक घोटाळा खडकाच्या आकारात नसून या गृहीत धरलेल्या मापात आहे. स्पिरिट रोव्हरच्या २००७ सालच्या छायाचित्रात लोकांना बसलेली बाई दिसली होती, तो दगडही काही सेंटिमीटरच उंच होता.

“लहान असले म्हणून काय झाले? चौकट ती चौकटच,” असे म्हणून नाना अडून बसले. त्यावर आबांनी सांगितले, की विहिरीत खाली उतरत गेले की खडकाला उभ्या आणि आडव्या चिरा दिसतात. त्या एकमेकींना छेदतात तिथला तुकडा सुटून पडतो आणि मागे जी पोकळी राहते, तिच्या कडा सरळच असतात. मंगळावरच्या फटीबद्दल शास्त्रज्ञांचे म्हणणे याहून फार निराळे नाही. तेथील वालुकाश्मात अनेक भेगा आहेत आणि ही फट त्या भेगा जिथे एकमेकींना मिळतात तिथे पडली आहे.

नानांना खरे अडवले ते आपल्याच माळरानाने. धुळे-नंदुरबारकडे काळ्या दगडाच्या लांबच लांब भिंती जमिनीतून वर आलेल्या दिसतात, बहुतेक पूर्व-पश्चिम, एकमेकींना समांतर आणि काही तर कित्येक किलोमीटर लांबीच्या. त्यांचे दगड इतके रचल्यासारखे दिसतात, की जुन्या राजाची तटबंदी म्हणून त्या दाखवणारी माणसे आम्ही लहानपणी पाहिली आहेत. प्रत्यक्षात सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या दख्खनच्या ज्वालामुखी काळात जमिनीच्या भेगांमध्ये शिरलेला लाव्हारस तिथेच थिजला, थंड होताना आकसून त्याला आडवे तडे गेले, आणि पुढे आजूबाजूचा मऊ खडक झिजून गेल्यावर ही कठीण भिंत उभी राहिली. भूशास्त्रात तिला डाईक म्हणतात. पाणी कोणत्या बाजूला लागेल हे ठरवताना आबा आधी ती पाहतात, कारण पुष्कळदा ती जमिनीखालचे पाणी अडवून धरते. सरळ रेषा आणि रचलेले थर निसर्गाला जमत नाहीत, हे म्हणणे निदान खानदेशातल्या माणसाने तरी करू नये.

नानांनी मग १९७६ चा चेहरा काढला. व्हायकिंग-१ या यानाने मंगळाच्या सायडोनिया भागातील एका टेकडीचे छायाचित्र वरून घेतले होते, त्यात डोळे, नाक, तोंड स्पष्ट दिसत होते. पुतण्याने लगेच “तो भ्रम होता” असा निकाल दिला. मला ती घाई पटली नाही. भ्रम का झाला, हे सांगणे अधिक महत्त्वाचे आहे. सूर्य क्षितिजाजवळ असल्याने सावल्या लांब होत्या, चित्राचा एक ठिपका जमिनीवरील सुमारे ५० मीटर व्यापत होता, आणि चित्र पृथ्वीकडे पाठवताना गळालेल्या माहितीमुळे पडलेला एक काळा ठिपका नेमका नाकपुडीच्या जागी आला होता. शिवाय या शंकेला केवळ शब्दांनी उत्तर दिले गेले नाही. मार्स ग्लोबल सर्व्हेयर या यानाने १९९८ मध्ये आणि पुन्हा २००१ मध्ये कितीतरी स्पष्ट चित्रे घेतली, तेव्हा तिथे वरून सपाट, कडांनी झिजलेली एक साधी टेकडी दिसली. “ते लोक लपवतात,” या नानांच्या आक्षेपावरही मी हेच म्हणालो. क्युरिऑसिटीची कच्ची छायाचित्रे कोणालाही पाहता येतात, आणि दरवाजाचे चित्र नानांपर्यंत पोहोचले तेही त्यामुळेच.

“म्हणजे तिथे काहीच नाही, असेच ना?” नानांनी विचारले. मला तसे मुळीच म्हणायचे नव्हते. पर्सिव्हरन्स रोव्हरला जुलै २०२४ मध्ये जेझेरो विवराजवळच्या एका प्राचीन नदीपात्रात चेयावा फॉल्स नावाचा सुमारे एक मीटर लांबीचा खडक सापडला. तो चेहरा, दार, प्राणी यांपैकी कशासारखाही दिसत नाही. त्याच्यावर गडद कडांचे फिकट ठिपके आहेत, त्यांत लोह आणि फॉस्फेट आहे, आणि खडकात कार्बनी संयुगेही आढळली आहेत. पृथ्वीवर अशी रचना पुष्कळदा सूक्ष्मजीवांच्या व्यवहारातून होते, पण जीवाशिवायही ती घडू शकते, म्हणून २०२५ च्या शोधनिबंधात शास्त्रज्ञांनी तिला जीवसृष्टीची खूण म्हणताना ‘संभाव्य’ हा शब्द सोडलेला नाही.

या खडकाचा नमुना नळीत बंद करून रोव्हरने जपला आहे, पण तो अजून मंगळावरच आहे. नानांनी मोबाईल खिशात ठेवला आणि तो नमुना इथे केव्हा आणणार, असे विचारले. पुतण्याजवळही त्याचे उत्तर नव्हते.