लॉर्ड हॉकचं अर्धंच वाक्य

यॉर्कशायर या इंग्लंडमधल्या काउंटी (म्हणजे परगण्याच्या) संघाचा जुना कप्तान लॉर्ड हॉक याच्याबद्दलचा एक मजकूर क्रिकेटवेड्या मंडळींत सध्या हातोहात फिरतोय. म्हणे हा मुंबईचा गव्हर्नर होता, लॉर्ड असल्यामुळेच कप्तान झाला, खेळता काही येत नव्हतं, पैसे घेऊन खेळणाऱ्या व्यावसायिकांचा द्वेष करायचा, आणि त्याच्याच संघातल्या बॉबी पीलने भर मैदानात लघवी करून त्याची जिरवली. हॉकची वकिली मला करायची नाही. पण ज्या गोष्टीचा जाब त्याला खरोखर विचारायला हवा तीच या मजकुरात नाही, म्हणून लिहितोय.

गव्हर्नर होता तो लॉर्ड हॅरिस, केंटचा कप्तान, 1890 ते 1895. मुंबईच्या एस्प्लनेड मैदानावर गोऱ्यांच्या पोलोच्या घोड्यांनी जमीन उखडली म्हणून आपल्याकडच्या खेळाडूंनी दाद मागितली ती या हॅरिसच्या सरकारकडे. हॉक मुंबईत आला तो पाहुणा संघ घेऊन, डिसेंबर 1892 मध्ये. पारशांनी त्या संघाला 109 धावांनी हरवलं. दोन लॉर्डांची गल्लत आपणच केली तर कसं चालेल?

कप्तानी जन्मामुळे मिळाली हे बरंचसं खरं. त्या काळी कप्तान हौशीच, म्हणजे पैसे न घेता खेळणाराच हवा, आणि हौशी म्हणजे घरचं बरं असलेला, अशीच पद्धत होती. पण 1883 मध्ये यॉर्कशायरची सूत्रं हाती आली तेव्हा तो केंब्रिजमध्ये शिकत होता. वडील गेल्यावर, 1887 मध्ये तो लॉर्ड झाला. आणि 1882 च्या मोसमात तो खेळला तो टॉम एमेटच्या हाताखाली. एमेट व्यावसायिक होता! पुढचं सगळं वाचताना हे लक्षात असू द्या.

फलंदाज म्हणून तो मध्यम, एवढंच. प्रथम श्रेणीत 16,749 धावा, 13 शतकं, सरासरी विसाच्या आसपास. त्याच्या कप्तानीत यॉर्कशायरने आठ काउंटी अजिंक्यपदं मिळवली.

पीलचं प्रकरण मात्र नीट सांगायला हवं. 1896 मध्ये एजबॅस्टनला यॉर्कशायरने वॉरविकशायरविरुद्ध 887 धावा केल्या. काउंटी अजिंक्यपद स्पर्धेतली ती आजही सर्वोच्च धावसंख्या. त्या डावात आठव्या विकेटसाठी 292 धावांची भागी झाली, पील नाबाद 210 आणि हॉक 166. पुढच्याच वर्षी पील दारू पिऊन मैदानात उतरला, हॉकने त्याला बाहेर काढलं, आणि पील यॉर्कशायरकडून पुन्हा कधी खेळला नाही. लघवीची कथा छापली जाऊ लागली ती कितीतरी वर्षांनी. एका थोर डावखुऱ्या फिरकी गोलंदाजाची आठवण एवढ्या एका गोष्टीवर उरावी, हे मला फार लागतं.

आता द्वेषाचं. मोसम संपला की व्यावसायिक खेळाडूची कमाई थांबायची. यॉर्कशायरने 1896 पासून त्याला हिवाळ्यातही आठवड्याला 2 पौंड द्यायला सुरुवात केली, आणि त्यामागे हॉक होता. खेळाडूच्या मदतनिधी सामन्याचे (ज्याची कमाई त्या खेळाडूलाच मिळायची) पैसे एकरकमी हातात पडून उडून जाऊ नयेत म्हणून त्यातला मोठा हिस्सा क्लबने गुंतवून ठेवायचा, हाही त्याचाच आग्रह. द्वेष करणारा माणूस हे करत नाही. पण यात दुसरीही बाजू आहे: माणूस घाम गाळून कमावतो, आणि ते पैसे कसे सांभाळायचे हे ठरवतं दुसरंच कोणीतरी. घरचा कर्ता लहान भावाला वागवतो तसं.

त्याचं ते गाजलेलं वाक्य याच वृत्तीतून आलं. लँकेशायरच्या सेसिल पार्किनच्या नावाने छापून आलेल्या लेखात, इंग्लंडचा कप्तान गिलिगनवर टीका करून व्यावसायिक असलेल्या जॅक हॉब्जच्या हाती सूत्रं द्या, असं सुचवलं होतं. त्यावर जानेवारी 1925 मध्ये यॉर्कशायरच्या वार्षिक सभेत हॉक म्हणाला, परमेश्वर करो आणि कधीही व्यावसायिक इंग्लंडचा कप्तान न होवो. लोक इथेच थांबतात. पुढे तो म्हणाला की या सगळ्यांवर माझं प्रेम आहे, मला त्यांचं कौतुक आहे, पण आपला कप्तान नेहमी हौशीच राहिला आहे.

पुढचं वाक्य वाचल्यावर तो सुटतो असं मला वाटत नाही. उलट तिथेच तो सापडतो. कारण 'नेहमी' हे धादांत चूक आहे. 1877 च्या पहिल्या कसोटीत इंग्लंडचा कप्तान जेम्स लिलिव्हाइट होता, पुढे आल्फ्रेड शॉ, आर्थर श्रूजबरी. तिघेही व्यावसायिक. आणि स्वतः एमेटच्या हाताखाली खेळलेल्या माणसाला व्यावसायिक कप्तान कसा असतो हे कुणी सांगायची गरज नव्हती. प्रेम होतं, कौतुक होतं, फक्त बरोबरीचं मानणं नव्हतं. जाब विचारायचा तो याचा.

हॉक 1938 मध्ये वारला, शेवटपर्यंत यॉर्कशायरचा अध्यक्ष होता. जून 1952 मध्ये लीड्सच्या हेडिंग्ले मैदानावर भारताचे कप्तान, सांगलीचे विजय हजारे यांच्यासोबत नाणेफेकीला लेन हटन आला, इंग्लंडचा रीतसर नेमलेला व्यावसायिक कप्तान. दुसऱ्या डावात आपले रॉय, गायकवाड, मांजरेकर, मंत्री शून्य धावांवर बाद झाले तो हाच सामना. हटन यॉर्कशायरचाच. पण स्वतःच्या काउंटीने त्याला कप्तान कधीच नेमलं नाही. एमेटनंतर तिथे पुन्हा व्यावसायिक कप्तान यायला 1960 उजाडलं, आणि तोवर हटन निवृत्त झाला होता.