न मागता मिळालेला कंस

कोड लिहायच्या एडिटरमध्ये डावा कंस टाइप केला की उजवा आपोआप येतो. वड्याबरोबर मिरची यावी तसा, न मागता. मिरची निदान बाजूला काढून ठेवता येते. हा कंस काढायला जावं तर एकतर तो जात नाही, नाहीतर जाताना डाव्यालाही बरोबर घेऊन जातो.

या सोयीला ऑटो-क्लोज म्हणतात. ज्याने कुणी ती शोधून काढली त्याचा हेतू चांगलाच असणार. बंद करायच्या राहिलेल्या एका महिरपी कंसापायी अख्खी संध्याकाळ घालवणारी माणसं मी ऐरोलीच्या ऑफिसात पाहिली आहेत. कोड यंत्राच्या भाषेत उतरवणारा कंपायलर त्यांना सांगतो, चूक ४१२व्या ओळीत आहे. ४१२वी ओळ फाइलची शेवटची असते आणि रिकामी असते. त्या रिकाम्या ओळीकडे टक लावून बसलेल्या माणसाला कुणीतरी मदत करायलाच हवी होती, हे मान्य.

पण उजवा कंस आता स्वतःहून येतो, हे बोटांना कुठे माहीत? ती जुन्या सवयीने तो दाबतातच. मग तिथे दोन कंस व्हायला हवेत. होत नाहीत, कारण एडिटरने त्याचाही बंदोबस्त केलेला आहे. तुम्ही ')' दाबलंत की तो काहीच टाइप करत नाही, कर्सर तेवढा स्वतः घातलेल्या कंसापलीकडे सरकवतो. आणि आपल्याला वाटतं, आपणच लिहिलं. शिफ्ट आणि शून्य दाबायचं, मिळकतही शून्य.

बरं, हे तरी कायम असावं! कुठला कंस स्वतः घातला आणि कुठला या बाईने, हे एडिटरच्या लक्षात असतं, पण कर्सर त्या दोन कंसांच्या आत आहे तोवरच. मध्येच कुणी म्हणालं, "अगं, जरा वरची ओळ दाखव," आणि कर्सर वर जाऊन खाली आला, की एडिटर सगळं विसरला. आता ')' दाबलं की खराखुरा दुसरा कंस उमटतो. तीच कळ, तीच फाइल, तीच जागा. चहाच्या आधी दाबली तर काही नाही, चहानंतर दाबली तर कंस.

मागाहून सुचलेल्या कंसाला तर कुणी वालीच नाही. आधी लिहिलेल्या शब्दाच्या तोंडाशी जाऊन '(' दाबलं तर बहुतेक एडिटर जोडीदार देत नाहीत. पुढे अक्षर दिसलं की ते समजतात, चालू मजकुरात काहीतरी दुरुस्ती चाललीय, आपण मध्ये पडू नये. एरवी मध्ये पडायला यांना कधी संकोच वाटला नाही, तो नेमका इथे वाटतो.

सेटिंग असतात, नाही असं नाही. व्हीएस कोड या एडिटरमध्ये या एका सवयीसाठी चार पर्याय आहेत: ऑलवेज, लँग्वेज डिफाइन्ड, बिफोर व्हाइटस्पेस आणि नेव्हर. अवतरणचिन्हांचं सेटिंग वेगळं, जोडीने खोडायचं वेगळं, कंस ओलांडायचं वेगळं. प्रत्येकाने आपापलं जुळवून घेतलेलं असल्यामुळे दुसऱ्याच्या लॅपटॉपवर दोन ओळी लिहायच्या म्हणजे परक्या घरातला गीझर लावण्याइतकी भीती वाटते. टीममधले एक सिनियर इमॅक्स नावाचा एडिटर वापरतात. तिथे याला इलेक्ट्रिक पेअर मोड म्हणतात आणि तो २०१२पासून आहे, हे ते न विचारता सांगतात. त्यांचं प्रेम लिस्पवर. ही भाषा १९५८ची आणि तिच्यात कंस सोडले तर फारसं काही नसतंच. तिच्यासाठी पॅरेडिट म्हणून एक सोय आहे, तिच्यात आत मजकूर असलेल्या जोडीतला एकटा कंस खोडूच देत नाहीत. जुन्या वळणाचं घर.

हे सगळं ऑफिसात चाललं होतं तोवर ठीक होतं. एका रविवारी सोसायटीचे सेक्रेटरी काका घरी आले आणि प्रकरण पाचपाखाडीत शिरलं.

वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते आणि तिची नोटीस पूर्ण चौदा दिवस आधी द्यावी लागते. 'पूर्ण' या शब्दावर काकांचा भारी जोर. नोटीस द्यायचा दिवस त्यात धरायचा नाही, सभेचा दिवसही धरायचा नाही. काका छापखान्यात मुद्रितशोधक होते. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, तरी शर्टाच्या खिशात लाल पेन असतं आणि लग्नपत्रिका हातात आली की ते आधी वधूच्या वडिलांचं आडनाव तपासतात. नोटिशीचा हस्तलिखित मसुदा घेऊन ते आले तेव्हा लॅपटॉपवर माझा एडिटर उघडाच होता. वर्ड उघडेपर्यंत काकांचा चहा पिऊन झाला असता, म्हणून मी त्यातच नवीन पान उघडून दिलं.

"ऊठ तू. मला येतं टाइप करता," काका म्हणाले. निवृत्तीनंतर शिकलेत. एका बोटाने करतात, पण ऱ्हस्वदीर्घाची चूक दाखवा आणि बक्षीस मिळवा.

'खजिनदार' झाला. पुढे कंसात 'हंगामी' लिहायचं होतं. काकांनी डावा कंस दाबला आणि थबकले.

"हा दुसरा कुठून आला?"

"आपोआप येतो, काका."

"पण मी आत अजून काही लिहिलेलंच नाही."

"आता लिहा ना आत."

"आत काय येणार ते कळायच्या आधीच बंद करून ठेवायचा?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. काकांनी तो आगंतुक खोडण्यासाठी बॅकस्पेस मारला. दोन्ही गेले. "माझा का नेला?" काकांनी माझ्याकडे बघून विचारलं, जणू मीच नेला होता. पुन्हा कंस उघडला, या खेपेला दात-ओठ खाऊन आत 'हंगामी' लिहिलं, एंडची कळ दाबून ओळीच्या टोकाला गेले आणि स्वतःच्या हक्काचा उजवा कंस दिला. अर्थात आता ते दोन झाले. काकांनी खिशातलं लाल पेन काढलं आणि टोपण न काढता स्क्रीनवर त्या जादा कंसावर खोडल्याची खूण केली, समासात शेपटी काढून. मग काही होतंय का म्हणून क्षणभर वाट पाहिली.

खरी गंमत पुढे झाली. तिसऱ्या परिच्छेदात 'मा. अध्यक्ष' असं पडलं होतं, त्या जागी '"ब" विंगचे प्रतिनिधी' असं काहीतरी घालायचं होतं. काकांनी 'अध्यक्ष' शब्द निवडला आणि सुरुवातीचं अवतरणचिन्ह दाबलं. कुठल्याही सभ्य टाइपरायटिंगच्या नियमाने निवडलेला शब्द जाऊन तिथे चिन्ह यायला हवं. एडिटरने शब्द तसाच ठेवला आणि त्याच्या दोन्ही बाजूंना अवतरणचिन्हं लावली. नोटिशीत आता होतं: मा. "अध्यक्ष".

काका बराच वेळ बघत राहिले. पार्किंगच्या प्रकरणापासून त्यांचं आणि अध्यक्षांचं बोलणं नाही.

"हे मात्र राहू दे," ते म्हणाले.

तेवढ्याने काका एडिटरवर खूश झाले असते, पण विषयपत्रिकेत पुन्हा बिनसलं. पहिलीपासून आपण '१)', '२)', 'अ)', 'ब)' लिहितो, डावा कंस न उघडता. कुणाला त्याचं काही वाटत नाही. एडिटरला वाटतं. रंगीत कंसांची सोय चालू असली की जोडीचे कंस एका रंगात दिसतात आणि एकटा उजवा लाल होतो. 'मागील सभेचे इतिवृत्त कायम करणे'पासून 'ऐनवेळचे विषय'पर्यंत सगळे आकडे लाल. "लाल कुणी केलं?" काकांनी विचारलं. हयातभर लाल करायचं काम त्यांचं होतं. सोय बंद केली, काका नोटीस घेऊन गेले. अवतरणचिन्हांसकट ती फलकावर लागली.

चिन्हांनी केलेले चेहरेही या तावडीतून सुटलेले नाहीत. हसरा चेहरा काढताना उजवा कंस लागतो, तो एकटा चालतो. रडका काढायला डावा लागतो आणि एडिटर लगेच त्याला जोडीदार देतो, म्हणजे :( च्या ऐवजी :(). हे दुःख नाही, जांभई आहे. आणि आपोआप मिटलेल्या कंसाच्या आत वाक्याच्या शेवटी हसरा चेहरा काढलात, तर तो नवा कंस न घालता आधीच बसलेल्याचाच वापर करतो. हसू दिसतं, कंस उघडा राहतो. अपॉस्ट्रॉफीचंही तसंच. शब्दाला चिकटून आला तर बहुतेक एडिटर आता समजून घेतात, पण जागा सोडून '९८ लिहा, की त्यांना वाटतं अवतरण सुरू झालं, आणि १९९८च्या बॅचचं स्नेहसंमेलन दोन्हीकडून अवतरणात जाऊन बसतं.

सर्व्हरवरचा प्रकार जास्त महागात पडतो. तिथे काळ्या पडद्यावर, कंस मिटायची जोडणी बसवलेला व्हिम हा एडिटर उघडून मजकूर पेस्ट केला, तर व्हिमला वाटू शकतं की कुणीतरी भलत्या वेगाने टाइप करतंय. एका ओळीचा मजकूर सहसा सुखरूप उतरतो, कारण बंद कंस ओलांडले जातात. ओळी वाढल्या की मात्र प्रत्येक एंटरबरोबर समास आत सरकत जातो, मजकुराचा जिना होतो आणि तळाशी जादा महिरपी कंसांचा ढीग साचतो. यावर इलाज निघाला तो असा: टर्मिनलने, म्हणजे त्या काळ्या पडद्याने, पेस्ट केलेल्या मजकुराच्या आधी एक आणि नंतर एक गुप्त खूण पाठवायची, म्हणजे समोरच्याला कळेल, हे टायपिंग नव्हे. या इलाजाचं अधिकृत नाव ब्रॅकेटेड पेस्ट. कंसाच्या दुखण्यावर कंसाचंच औषध.

दुसरीकडे हातांना लागलेली सवय फोनवर उघडी पडते, कारण व्हॉट्सॲप तिथे कुणाचा कंस मिटून देत नाही. ठाण्याहून ट्रान्स-हार्बरने निघालं की दिघा गावच्या आसपास मी कंस उघडते (हे स्टेशन २०२४ साली झालं), आणि ऐरोलीला उतरायच्या घाईत मेसेज तसाच जातो. एकदा नणंदेने विचारलं, "पुढचं कधी पाठवणार?"

आणि आता एडिटरमध्ये एआय सहायक आलाय. तो अर्धी ओळ वाचून उरलेली सुचवतो, उजव्या कंसासकट. एडिटरने आपला आधीच घातलेला असतो. कोडमध्ये असं झालं तर कंपायलर ओरडतो, पण ग्राहकाला जाणाऱ्या एसएमएसच्या मजकुराला कोण ओरडणार? आमच्याकडून काही दिवस असे एसएमएस गेले: 'आपले पार्सल निघाले आहे (तुर्भे गोदाम))'. रिव्ह्यूमध्ये कुणीतरी विचारलं, दुसरा कंस कुणाचा? एडिटर गप्प, सहायक गप्प. कोडमधले बदल नोंदवून ठेवणाऱ्या गिटमध्ये ब्लेम नावाची आज्ञाच आहे, कुठली ओळ शेवटची कुणी बदलली हे ती नावानिशी सांगते. चालवली. तिथे एडिटरचं नाव लागत नाही आणि एआयचंही लागलेलं नव्हतं. पाचपाखाडीचा फ्लॅट सासऱ्यांच्या नावावर आहे, गाडी नवऱ्याच्या. माझ्या एकटीच्या नावावर लागलेली पहिली मालमत्ता म्हणजे ३८८व्या ओळीतला तो कंस, आणि तोही सोमवारपर्यंत काढून टाकायला सांगितलाय.